चौतीसपुढच्या दांड्या

अगं, उंबऱ्यातच काय उभी राहिलीस? ये आत. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं. इथे पलंगावर बस, माझ्याजवळ. आणि काय गं, मागच्या खेपेला निम्मा चहा टाकून पळालीस, ती आत्ता उगवतेस? तुम्ही वाचणारी माणसं हजार ठिकाणी डोकावता, फक्त म्हाताऱ्या बाईकडे यायला तुम्हाला वेळ नसतो. असू दे. आलीस ना? मग आता मधेच उठू नकोस. कारण आज जे सांगणार आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच नाही.

माझ्या पोटात काही राहत नाही, असं सगळी नारायण पेठ म्हणते. खरं आहे ते. कोणाकडे काय शिजलं, कोणाच्या मुलीने स्थळ का नाकारलं, सगळं मी बोलून टाकते. एवढं एक सोडून. हे एक मात्र असं घट्ट बसलंय की — पण थांब. आधी दुकानाचं सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

आमचं दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली, दोन मशिनं आणि एक कापायचं टेबल. ब्लाउज शिवते मी, चाळीसेक वर्षं झाली. कोणी शिकवलं नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरचं. शिवण शिकले ती जुने ब्लाउज उसवून — उसवायचे, तुकडे जमिनीवर मांडायचे, आणि बघत बसायचं की हे अंगावर कसं चढतं. पण मापं लिहायची कशी, ते वडिलांकडून आलं. माझे वडील लाकडाच्या वखारीत कारकून होते. ते फूट-इंच लिहिताना आकड्यापुढे उभ्या दांड्या ओढायचे. एक दांडी म्हणजे पाव. दोन म्हणजे अर्धा. दोन दांड्या आणि किंचित जागा सोडून तिसरी म्हणजे पाऊण. माझ्या वहीत ३४ लिहून पुढे दोन दांड्या असल्या की साडेचौतीस, तीन असल्या की पावणेपस्तीस. जुनी रीत आहे ही. आता कोणी वापरत नाही.

वापरत नाही म्हणूनच तर — बघ, मी लगेच तिकडे धावले. हळूहळू येऊ दे.

त्या वह्या दुकानात माझ्याशिवाय कोणाला वाचता यायच्या नाहीत. माझी सून मृदुला हुशार, कॉलेज शिकलेली, दुकानाचं सगळं तीच बघू लागली होती, पण माप हवं असलं की, "आई, जरा वही बघता का?" गिऱ्हाईक बाहेर उभं, आणि मी चष्मा पुसून सावकाश पान उलगडणार. किती आवडायचं मला ते! चष्मा पुसायची गरज नसतानाही पुसायचे मी. हसू नकोस. हसण्यासारखं वाटतं, पण पुढचं सगळं त्या चष्म्यातच आहे.

तर, विद्यापीठाची एक संशोधन संस्था आहे. नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही. लहान धंद्यांपर्यंत माहिती तंत्रज्ञान न्यायचं, असं त्यांचं काम होतं. अगरबत्तीवाला, बेकरीवाला, पितळी भांडी करणारा असे काही धंदे त्यांनी निवडले होते, आणि मृदुलाने कुठूनसा अर्ज केला, तर त्यात आम्हीही. सगळी मापं संगणकात भरायची. जुन्या गिऱ्हाइकाने नुसतं कापड पाठवायचं, माप द्यायला यायलाच नको. एक चिठ्ठी निघणार, ती कापणाऱ्या मास्तरांकडे जाणार, झालं.

पहिल्या दिवशी संस्थेचे सर आले. मोठे सज्जन. मला वाकून नमस्कार केला आणि मृदुलाला म्हणाले, "आता आजींना त्रास नको. ह्या वह्यांची गरजच उरणार नाही बघा."

चांगल्या मनाने म्हणाले गं ते. मला मात्र कोणीतरी पाट काढून घेतल्यासारखं झालं.

आणि त्यांच्याबरोबर आली ती मुलगी. भंडाऱ्याची. वडील तिकडे भाताच्या गिरणीत. अंगाने काडी, पाठीवर एवढी थोरली बॅग. नाव काय, विचारलं, तर म्हणाली, "प्रणाली." आणि ते जे संगणकात भरणार होते त्यालाही ही मंडळी प्रणालीच म्हणत होती — मापांची प्रणाली. मी म्हटलं, "अगं, तूच प्रणाली आणि तू करणार तीही प्रणाली? मग कोण बिघडली हे कळायचं कसं?" सगळे हसले. तीही हसली. बोलणं तिकडचं, "काकू, मी फोटो काढून राहिली, पान धरा ना जरा." मी तिला चिडवायची, "काढून राहिली म्हणजे काढतेयस का थांबलीयस?" ती म्हणायची, "पुण्यात आल्यापासून तेच समजून नाही राहिलं, काकू!" गोड होती. हे मुद्दाम सांगते. मला ती आवडत होती. नावडत असती तर सांगायला सोपं गेलं असतं.

दोन दिवस ती वह्यांच्या पानांचे फोटो काढत होती, संस्थेत नेऊन सावकाश भरणार म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी मृदुला बाहेर गेली होती. प्रणालीने एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं,

"काकू, आकड्याच्या पुढे ह्या दांड्या कायच्या आहेत?"

किती साधा प्रश्न! तिने विचारलं होतं गं. तिने न विचारता भरलं असतं तर आज मी तुला बोलावलं नसतं. पण तिने नीट, बोट ठेवून विचारलं. आणि मी चष्मा पुसला आणि म्हटलं,

"त्या होय? त्या खुणा. काम झालं की मारते."

विचार करून नाही बोलले. पण म्हणून काय झालं? जीभ काय कोणाची वेगळी असते? ती "बरं" म्हणाली आणि पुढचं पान उलटलं. माझ्या मनात आलं की आत्ता हसून सांगावं, अगं वेडे, गंमत केली. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी ती बसला पळाली. उद्या सांगू म्हटलं. उद्या ती आली नाही, संस्थेत बसून भरत होती. प्रत्येक पाव, प्रत्येक अर्धा, प्रत्येक पाऊण गाळून.

तुला वाटेल, पाव इंचाने काय होतं? शिवणाऱ्या बाईला विचार. ब्लाउज म्हणजे काही परकर नव्हे. अर्ध्या इंचात श्वास अडतो.

पुढचे दीड-दोन महिने काही बिघडलं नाही, कारण कापत मीच होते. चिठ्ठी निघायची, मी ती बाजूला सारून वहीप्रमाणे कापायची. मृदुला खूश, सर खूश, संगणकाने काम चाललंय! आणि मी रोज बघत होते. चिठ्ठीत ३४, वहीत पावणेपस्तीस. चिठ्ठीत ३८, वहीत साडेअडतीस. रोज. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. म्हणजे जीभ घसरली म्हणावं, तर ती किती वेळा घसरली?

मग श्रावण आला. शनिवार पेठेतल्या बायकांचं एक मंडळ आहे, मंगळागौरीचे खेळ करतात, स्पर्धेला जातात. बाराजणी. सगळ्यांना एकसारखे खणाचे ब्लाउज हवे होते. सगळी आमची जुनी गिऱ्हाइकं, मापं वहीत, म्हणजे आता संगणकात. संस्थेला हेच हवं होतं. त्यांच्याकडे बाहेरगावची पाहुणेमंडळी यायची होती, कामाला पुढे मदत द्यायची का ते बघायला. ठरलं असं की कोणालाही माप द्यायला बोलवायचं नाही, खण चिठ्ठ्यांसकट बाहेरच्या मास्तरांकडे कापायला द्यायचे, आणि पाहुण्यांसमोर बायकांनी ते घालून दाखवायचे. प्रणाली तर हवेत होती. म्हणाली, "काकू, हे जमलं ना, तर सर मला पीएच.डी.ला घेणार आहेत त्यांच्याकडे. घरी सांगून ठेवलं मी."

घरी सांगून ठेवलं मी. हे चार शब्द माझ्या कानातून गेले नाहीत.

खणाचा पन्हा मुळातच बेताचा. आत माया सोडायला फारसं कापड उरत नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात ना, त्याला आम्ही माया म्हणतो. ती असली की नंतर उसवून सैल करता येतं. खणात माया कमी. हे मला माहीत होतं. दहा दिवस ते खण मास्तरांकडे होते. मास्तरांचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात. उचलायचा आणि सांगायचं, मास्तर, थांबा. एवढंच. दहा दिवस मी त्या भिंतीखाली बसून काजं केली.

मला काय हवं होतं? ती मुलगी बुडावी, असं? नाही. पण ते यंत्र बुडावं, असं हवं होतं. सगळ्यांनी वळून म्हणावं, "आजी, जरा वही बघता का?" ती मुलगी त्या यंत्राला बांधलेली आहे, एक बुडालं की दुसरं बुडणार — हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी तिकडे बघत नव्हते.

तो दिवस आला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पाहुणे, सर, मृदुला, टेबलावर लॅपटॉप, त्याच्यामागे प्रणाली नवा ड्रेस घालून. पडद्यामागून एकेक बाई आत गेली, आणि बाहेर काही कोणी येईना. शेवटी मंडळाच्या प्रमुख कुमुदताई पदर आवळून बाहेर आल्या. त्यांचं बोलणं म्हणजे सुरीच.

"अहो, हा ब्लाउज आहे की पाकीट? हुक लावला तर श्वास नाही, श्वास घेतला तर हुक नाही. फुगडी कशी घालायची? तुमच्या संगणकाला कोणीतरी सांगा हो, आम्ही जेवतो म्हणून!"

पडद्यामागून हशा. पाहुणेही हसले, पण तोंडावर हात ठेवून. बाराही तसेच. कोणाचा पाव इंच, कोणाचा पाऊण. सरांचा चेहरा उतरला. मृदुला म्हणाली, "आई, वही बघता का? कुमुदताईंचं काय आहे?"

हे ऐकायला मी किती दिवस वाट बघत होते, आहे तुला कल्पना?

वही माझ्या मांडीवर होती. मी चष्मा पुसला. पान काढलं, वही माझ्याकडे कलती धरली आणि म्हटलं, "छाती पावणेपस्तीस. अगदी स्पष्ट लिहिलंय." लॅपटॉपवर ३४. मग वही मिटली. कोणी बघायला मागितली नाही. आजीच्या वहीवर शंका कोण घेणार?

सरांनी मला अगदी हळू विचारलं, "आजी, मग चूक नेमकी कुठे झाली?"

आणि मी बोलले. आजही ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं.

"वहीत चूक नाही. चूक प्रणालीची आहे."

कळलं तुला? यंत्राचीही होते, मुलीचीही होते. कोणी जाब विचारला असता तर म्हणता आलं असतं, अहो, मी संगणकाबद्दल बोलले. पुण्यातलं बोलणं हे असं, धार लावून ठेवायची आणि मूठ आपल्या हातात. मी किती वर्षं स्वतःला तेच सांगितलं, की मी यंत्राला म्हटलं. पण मी कोणाकडे बघत होते ते मला ठाऊक आहे. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, कारण मी तिच्याकडे पाहत होते.

ती उभी राहिली. "सॉरी सर," म्हणाली. एवढंच. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी तिला दांड्यांबद्दल काय सांगितलं होतं, ते बोलली नाही. तिला तेव्हा आठवलं नव्हतं का? की एवढ्या लोकांत एका म्हाताऱ्या बाईला खोटं पाडायचं नाही, असं तिच्या घरी शिकवलं होतं? मला माहीत नाही.

संस्थेने आमचं दुकान त्या कामातून काढलं. तिच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही, आणि पीएच.डी.चं नाव सरांनी काढलं नाही, हे मृदुलाच्या बोलण्यात आलं. मृदुला हळहळली, "मुलगी चांगली होती, पण कामात कच्ची." मी भाजी निवडत होते. मान हलवली. हो, मान हलवली मी. ते बारा ब्लाउज मी नव्या खणांचे पुन्हा शिवले, वहीप्रमाणे, आणि बायका म्हणाल्या, "आजींच्या हाताला तोड नाही. संगणक गेला खड्ड्यात." पेठेत महिनाभर हेच. ते कौतुक मी नको म्हटलं नाही. चवीने खाल्लं. घशात अडकायला हवं होतं ना? नाही अडकलं. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

आता शेवटचं. उठू नकोस.

महिन्या-दीड महिन्याने ती आली. एकटी, दुपारी, हातात पिशवी. मृदुला वर जेवायला गेली होती. मला वाटलं, आता बोलेल. बोलू दे, असंही वाटलं. पण तिने पिशवीतून कापड काढलं, मोरपिशी. "बहिणीचं लग्न आहे, काकू. माझा ब्लाउज शिवून देता?" मी टेप घेतली. तिला वळायला सांगितलं, हात वर करायला सांगितले. बरगड्या हाताला लागत होत्या. मी मापं घेतली आणि वहीत लिहायला लागले. बत्तीस. आणि सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, हात पुढे गेला आणि दोन दांड्या ओढल्या गेल्या.

ती माझ्या खांद्यापाशी उभी होती. बघत होती. मग शांतपणे म्हणाली,

"काम तर अजून झालंच नाही, काकू. मग खूण कशी केली?"

तिला तिथेच कळलं, का हेच बघायला ती आली होती? तेही मला माहीत नाही. जिला सगळी पेठ बोलघेवडी म्हणते, ती मी टेप गुंडाळत बसले. त्या वेळी माफी मागता आली असती. वर हाक मारून मृदुलाला खाली बोलावता आलं असतं. सरांकडे जाता आलं असतं, रिक्षाने अर्धा तास. तिने थोडा वेळ वाट बघितली. खरंच बघितली, मला ते जाणवत होतं. मग टेबलावरची माझी पेन्सिल उचलली, वही आपल्याकडे वळवली, आणि माझ्या बत्तीस आणि दोन दांड्यांच्या खाली तिच्या अक्षरात लिहिलं, ३२.५. पेन्सिल जागच्या जागी ठेवली. "येते काकू," म्हणाली आणि गेली.

ब्लाउज न्यायला तिची खोलीतली मैत्रीण आली. पुढे चार दिवसांनी त्या मैत्रिणीचाच फोन आला. प्रणालीने निरोप दिला होता, "काकूंना सांग, माप बरोबर आहे."

आता मृदुलाच्या फोनमध्ये सगळी मापं असतात. गिऱ्हाइकाला बोलावून नव्याने घेते ती, आणि टिंब देऊन लिहिते. वह्या कपाटात आहेत, कोणी मागत नाही. प्रणाली खराडीला कुठल्याशा ऑफिसात आहे, बरं चाललंय, असं कोणीतरी सांगितलं. तिचं बरं चाललंय हे तिचं कर्तृत्व, त्यातलं काही माझ्या पदरात पडत नाही. सातवी शिकलेली बाई, म्हातारी, धंदा हातून जाईल म्हणून घाबरली, असं तू मनातल्या मनात म्हणत असशील तर म्हणू नकोस. घाबरले होते, खरं आहे. पण दहा दिवस त्या भिंतीखाली मी घाबरून बसले नव्हते. वाट बघत बसले होते.

हे छापून आलं की मृदुला वाचेल. वाचू दे.

चहा संपव तो. आणि पुढच्या खेपेला एवढे दिवस लावू नकोस, लवकर ये. ती वही मी कपाटातून काढून उशाशी ठेवली आहे, ते पान तुला दाखवायचंय. पेन्सिलीचं आहे ना, पुसट होत चाललंय. अजून वाचता येतंय तोवर ये.